माठाआडची फायनल

त्रिंबकराव डोईफोडे यांचा फोन चार्ज होत नव्हता असं म्हणणं त्या फोनवर अन्याय करण्यासारखं होतं. होत होता. फक्त पिन भोकात घालून ती किंचित वर उचलायची, मग डावीकडे कलती करायची, आणि कलती झाल्यावरच श्वास सोडायचा. श्वास आधी सोडला की हात हलायचा आणि स्क्रीनवरची हिरवी बॅटरी पटकन मावळायची. हे तंत्र उभ्या शहागडात एकट्या त्रिंबकरावांना साधलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं थोडं कौतुकही होतं. एखादी खट्याळ म्हैस एकाच माणसाच्या हाताला दूध देते, तेव्हा त्या माणसाला जसं वाटत असेल, तसं.

अडचण एवढीच की ही गोष्ट गल्लीला कळता कामा नव्हती. त्रिंबकराव गावातल्या हायस्कुलात वरिष्ठ लिपिक. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. कुणाचा ऑनलाईन अर्ज अडला, कुणाच्या फोनात फोटो मावेनासे झाले, कुणाच्या आजीचा अंगठा मशीन घेईना, की माणसं थेट भाऊसाहेबांच्या दारात. भाऊसाहेब चष्मा चढवत, फोन हातात घेत आणि आधी एक लांब ‘हंऽऽ’ करत. त्या ‘हं’मध्येच निम्मा फोन दुरुस्त व्हायचा. अशा माणसाचा स्वतःचा फोन वायरीच्या मर्जीवर जगतो हे बाहेर फुटणं म्हणजे अब्रूचा प्रश्न होता.

ते फुटलं रामप्रसादमुळं. रामप्रसाद समोरच्या घरातले, बी-बियाणांचे दुकानदार. गल्लीतला पहिला इन्व्हर्टर त्यांचा, भिंतभर टीव्ही त्यांचा, आणि कुठल्याही विषयावरचं पहिलं मतही त्यांचंच. त्या दिवशी त्रिंबकराव ओसरीत उकिडवे बसून पिन कलती करत होते, श्वास रोखलेला होता, आणि नेमके रामप्रसाद आत आले.

“भाऊसाहेब, काय करून राह्यले? पोट दुखून राह्यलं का?”

“न्हाई,” त्रिंबकराव म्हणाले, आणि त्या ‘न्हाई’ बरोबर श्वासही गेला आणि चार्जिंगही. “फोन लावला चार्जिंगला.”

“असा?” रामप्रसाद म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी जे भरलं ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर वाटलं गेलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. रामप्रसादांच्या घरच्या उषाबाई हातातलं काम टाकून आल्या. “तांदळाच्या डब्यात ठेवा रातभर. बिलकुल बराबर होतो.”

“वहिनी, फोन पाण्यात पडला न्हाई.”

“मंग काय झालं? तांदळाला काय कळतं, कशात पडला ते?”

फोन रात्रभर तांदळात झोपला आणि सकाळी एक तांदूळ पोटात घेऊन उठला. चार्ज तर होईनाच, वर तापायलाही लागला. रामप्रसाद म्हणाले, ताप आला ना, मग फ्रिजमध्ये ठेवा, कंपनीचा माणूसच सांगत होता. कुठल्या कंपनीचा ते नंतर कळलं. तो माणूस कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीचा होता. पण तोपर्यंत फोन कोथिंबिरीच्या जुडीशेजारी तासभर राहून, अंगाला दरदरून घाम सुटलेल्या अवस्थेत बाहेर आलेला होता.

शेवटी आबा उठले. आबा म्हणजे त्रिंबकरावांचे वडील, गोरक्षनाथ. उमर मेंढरांमागं गेली. आता मेंढरं नव्हती, पण डोक्याचा रुमाल आणि ठसका तसाच होता. “मेंढराच्या खुरात खडा अडकला की काय करतेत?” ते म्हणाले आणि कुंपणाच्या बाभळीचा एक सरळ काटा मोडून आणला. आबांचा हात अजून स्थिर होता. काट्यानं तो तांदूळ निघाला, त्यामागून खिशातल्या कापसाचा एक गोळा निघाला, बरंच काही निघालं. मग काट्याचं टोक आत मोडलं.

“मेंढराला असं कधी न्हाई झालं,” आबा म्हणाले आणि शांतपणे आपल्या बाजेवर जाऊन बसले.

आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय इलाज नव्हता. ते जालन्याला. त्रिंबकराव एसटीनं गेले, टोकन घेतलं, थंडगार खुर्चीवर बसले. आपल्या हायस्कुलात बाहेरची माणसं जशी बाकावर बसून वाट बघतात तसं आपण बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मनाला लागलं. काउंटरवरच्या मुलीनं फोन आत पाठवला. थोड्या वेळानं कागद वाचत म्हणाली, “काका, आत फॉरेन मटेरियल आहे. वॉरंटीत बसणार नाही.”

“फॉरेनचं काही न्हाई, बाई,” त्रिंबकराव म्हणाले. “काटा आमच्याच बाभळीचा हाय.”

मुलीनं वर बघितलं, पण कागदावर बाभळीसाठी रकाना नसावा. आतली चार्जिंगची पट्टी बदलावी लागेल, पट्टी पुण्याहून येईल, आठ-दहा दिवस फोन इथं ठेवावा लागेल, असं तिनं सांगितलं. आठ-दहा दिवस! त्रिंबकराव ताडकन उठले. “न्हाई, न्हाई, माझा फोन वापस द्या.”

“देते ना काका, ओटीपी सांगा.”

“कसला ओटीपी?”

“फोन परत केल्याचा. तुमच्या नंबरवर आलाय.”

“माझा नंबर या फोनात हाय. हा फोन तुमच्या हातात हाय. अन् हा बंद हाय.”

“हो, पण ओटीपीशिवाय सिस्टीम फोन सोडत नाही.”

आयुष्यभर लोकांना ‘अमुक कागदाशिवाय दाखला मिळत नाही’ असं सांगत आलेल्या त्रिंबकरावांना पहिल्यांदाच काउंटरची दुसरी बाजू दिसली. पण ते डगमगले नाहीत. “वायर आणा,” त्यांनी फर्मावलं. काउंटरवर कोपरं टेकवून, पिन वर उचलून, डावीकडे कलती करून, त्यांनी सावकाश श्वास सोडला. बॅटरी हिरवी झाली. आतले दोघं इंजिनिअर बाहेर येऊन बघायला लागले. एकानं स्वतः करून बघितलं, जमलं नाही. ओटीपी आला, फोन सुटला, आणि त्रिंबकराव दुरुस्त न झालेला फोन घेऊन, दुरुस्त झाल्यापेक्षाही जास्त ऐटीत बसस्टँडकडे निघाले.

आता आठ-दहा दिवसांचा एवढा धसका कशाचा, तर रेणूचा. त्रिंबकरावांची ही एकुलती एक लेक जालना जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खो संघात होती, आणि त्याच आठवड्यात सांगलीकडं राज्य स्पर्धा होती. त्रिंबकरावांनी रजेचा अर्ज वेळेत, तारखेसह, समासासह दिला होता. मुख्याध्यापकांनी तो नामंजूर केला, कारण त्याच आठवड्यात शाळेत तपासणी समिती येणार होती. समितीसाठी कपाटं आवरली, रांगोळी काढली, नवा टेबलक्लॉथ आला. समिती पुढच्या महिन्यावर गेली. हे कळलं तेव्हा शनिवारची दुपार होती.

म्हणून रेणूबरोबर तिची आई गेली होती. आसराबाई एवढ्या लांब पहिल्यांदाच निघाल्या होत्या, तेही नवा फोन घेऊन. त्रिंबकरावांनी निघण्याआधी त्यांची रीतसर शिकवणी घेतली. “मॅच लागली की माझ्या फोटोला बोट लावायचं. मंग हा कॅमेरा. बास. बाकी कशाला हात न्हाई लावायचा. अन् माझ्याशिवाय कुणाचा बी फोन घ्यायचा न्हाई. कोणी म्हणंल पोलिस हाय, कोणी म्हणंल बँकेतून बोलतो. लई फसवेगिरी चालू हाय.”

“ओळखीच्याचा आला तर?”

“ओळखीचाच आवाज काढतेत ते. घ्यायचाच न्हाई.”

आसराबाईंनी मान हलवली. त्यांनी एकदा मान हलवली की ती गोष्ट दगडावर कोरल्यासारखी असायची, हे त्रिंबकरावांना लग्नापासून माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी आसराबाईंचा फोन आला. आवाज चढलेला. “अहो, जितल्या पोरी! उद्या सकाळी फायनल हाय!” जालन्याचा संघ फायनलला जाईल असं जिल्ह्यात कोणालाच वाटलं नव्हतं. त्रिंबकरावांना वाटलं होतं, पण त्यांनी ते कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोललं तर दृष्ट लागते अशी त्यांची समजूत होती. आता मात्र ते गल्लीत उभे राहून मोठ्यानं म्हणाले, “उद्या सकाळी नऊला सगळ्यांनी माझ्याकडं यायचं. रेणूची फायनल हाय. फोनवर दिसणार हाय.”

“त्याच फोनवर का?” रामप्रसादांनी विचारलं.

“त्याच,” त्रिंबकराव म्हणाले.

रविवारी सकाळी गल्ली अंघोळी उरकून त्यांच्या ओसरीत जमली आणि लाईट गेली. फोनात जीव थोडाच होता, तोही व्हिडिओ कॉलला पाच मिनिटं पुरता पुरेना असा. सगळ्यांनी आधी पंख्याकडे बघितलं, मग त्रिंबकरावांकडे, आणि मग समोरच्या घराकडे. रामप्रसाद आधीच दारात उभे होते. “या की,” ते म्हणाले. “इन्व्हर्टर कशासाठी हाय मंग?”

ज्या घरी मॅच बघायला जायचं नाही असं ठरवून त्रिंबकरावांनी ही सगळी खटपट केली होती, त्याच घरी वरात निघाली. पुढं आबा, मागं गल्ली, आणि सगळ्यात शेवटी हातात वायर गुंडाळलेले भाऊसाहेब.

इन्व्हर्टरवर चालणारा प्लग ओसरीच्या कोपऱ्यात होता, पाण्याच्या माठामागं. वायर आखूड. म्हणजे फोन माठाजवळच ठेवावा लागणार. “चांगलंच झालं,” उषाबाई म्हणाल्या, “माठ गार असतो, फोन तापणार न्हाई.” फोन माठाच्या कडेला आडवा टेकवला, स्क्रीन लोकांकडे. पिन मात्र मागच्या बाजूनं धरावी लागत होती. त्रिंबकराव भिंत आणि माठ यांच्यामधल्या फटीत शिरले, उकिडवे बसले, एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं पिन धरली, कलती केली, श्वास सोडला. बॅटरी हिरवी झाल्याचं समोरून लोकांनी ओरडून सांगितलं. त्यांना स्वतःला फोनची पाठ दिसत होती, माठाचं पोट दिसत होतं, आणि भिंतीवरची एक पाल.

“भाऊसाहेब, तुम्हाला तर काहीच दिसणार न्हाई,” रामप्रसाद म्हणाले. “मी धरतो. न्हाई तर असं करू, सिम काढून माझ्या फोनात टाकू. दोन मिनिटांचं काम.”

विचार वाईट नव्हता. त्रिंबकरावांनी हो-नाही म्हणेपर्यंत रामप्रसादांनी उषाबाईंच्या बांगडीतली सेफ्टी पिन घेऊन फोनच्या खालच्या भोकात खुपसली सुद्धा. आतून ‘कट्’ असा बारीक आवाज आला. ट्रे काही बाहेर आला नाही.

“ते भोक सिमचं न्हाई,” त्रिंबकराव खोल आवाजात म्हणाले. “सिमचं बाजूला असतं. ते माईकचं होतं.”

तेवढ्यात फोन वाजायला लागला. उषाबाईंनी हिरव्या खुणेवर बोट ओढलं. सगळी ओसरी पुढं झुकली.

“काय दिसून राह्यलं?” माठामागून त्रिंबकरावांनी विचारलं.

“वहिनीचा कान,” रामप्रसाद म्हणाले.

खरंच कान होता. आसराबाई ‘हॅलो, हॅलो’ करत होत्या. माईक गेल्यामुळं इकडचं काही ऐकू जात नव्हतं. आणि ऐकू येत नाही म्हटल्यावर कोणीही करील तेच त्यांनी केलं होतं, फोन कानाला घट्ट लावला होता. भिंतभर टीव्ही असलेल्या घरात बावीस-पंचवीस माणसं एका कानाकडे टक लावून बसली होती. “आसरे, फोन कानाचा काढ!” आबा ओरडले. सगळेच ओरडले. रामप्रसादांनी आपल्या फोनवरून लावून बघितला, कट झाला. उषाबाईंनी लावला, कट झाला. परत लावला, परत कट झाला.

“वहिनी फोनच घेऊन न्हाई राह्यल्या!”

“न्हाई घ्यायच्या,” त्रिंबकराव माठामागून म्हणाले. आपली बायको किती पक्की आहे याचा अभिमान वाटावा की डोकं बडवून घ्यावं हे त्यांना कळेना. डोकं बडवायला हात तर मोकळा हवा होता.

शेवटी तिकडं कोणीतरी बाई म्हणालेली ऐकू आली, “अहो ताई, असा धरा, व्हिडिओ चालू आहे.” कान गेला, आभाळ आलं, कोणाचा तरी खांदा आला, आणि मग मैदान आलं. ओसरीत टाळ्या पडल्या. त्रिंबकरावांना टाळ्या ऐकू आल्या.

“रेणू दिसते का?”

“सगळ्या सारख्याच दिसून राह्यल्यात,” रामप्रसाद म्हणाले. “आपली बॅटिंग हाय का बॉलिंग?”

“खो-खोत बॅटिंग नसती हो!”

“मंग ओळखायचं कसं?”

यानंतरचा अर्धा तास त्रिंबकरावांच्या आयुष्यातला फार अवघड अर्धा तास होता. मॅच रामप्रसाद सांगत होते, आणि रामप्रसादांना खो-खो येत नव्हता. “बसली! उठली! परत बसली! काय चालू हाय काय कळंना.” मग एकदम सगळ्या बायका किंचाळल्या आणि रामप्रसाद ओरडले, “पडली! रेणू पडली! खांबावर गेली धाडकन!”

त्रिंबकरावांचा हात हलला, आणि समोरून एकमुखानं आरोळी आली, “हात! हात! अंधार झाला!” त्यांनी पिन पुन्हा कलती केली. “लागलं का तिला? उठली का?”

“उठली,” आबांचा आवाज आला. “अन् ती पडली न्हाई, त्रिंबक. तिनं झेप टाकली. खांब धरून आडवी गेली अन् त्या पोरीला शिवली. समोरची एक बाद.”

“आबा,” त्रिंबकराव म्हणाले, “आता तुम्ही सांगा. फक्त तुम्हीच सांगा.”

आबा जन्मात खो-खो खेळले नव्हते. पण एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला वळवायचं, हा खेळ त्यांनी उमरभर माळावर खेळला होता. त्यांनी रुमाल सारखा केला आणि सांगायला लागले. “एक लालवाली सुटली. बेरकी हाय. रांगेतून आतबाहेर करून राह्यली, फुटीर मेंढीवानी. आपली गोरी पोरगी मागं हाय. दमली. तिनं पाठीत थाप दिली, दुसरी उठली. ही चांगली हाय, आखूड पळती, वळण सोडत न्हाई. लालवाली खांबाकडं चालली…”

माठामागं बसलेल्या माणसाला सगळं दिसायला लागलं. माठाच्या पोटावर जणू मैदान उमटलं होतं. आबा ‘वळवली’ म्हणाले की त्रिंबकरावांची मान वळायची. हात मात्र दगडासारखा. आनंद झाला तरी हलायचं नाही, भीती वाटली तरी हलायचं नाही. ओठ दाबून नुसतं ‘हं… हं…’ करायचं. तिकडं लेक पळत होती, आणि तिच्या बापाला जागचं हलायची मुभा नव्हती.

मग फोन तापला. एवढा, की त्रिंबकरावांच्या बोटांना चटका बसायला लागला. उषाबाईंनी सुपानं वारा घातला. माठातलं पाणी फडक्याला लावून फोनची कड पुसली. पुसता पुसता त्यांचा अंगठा कुठल्यातरी खुणेवर पडला असावा, कारण तिकडून आसराबाईंचा आवाज आला, “अगं बाई! अहो, तुम्ही माठामागं काय करून राह्यले?”

कॅमेरा फिरला होता. आतापर्यंत आसराबाईंना गल्ली दिसत होती. आता त्यांना फक्त नवरा दिसत होता, अगदी जवळून, घामानं निथळणारा, मिशीला जाळं लागलेला. “बघा हो, आमचे मालक,” असं त्या शेजारच्या बाईला सांगताना ऐकू आलं, आणि सांगलीकडच्या त्या स्टेडियममध्ये बायकांचा हशा पिकला. इकडं ओसरीतही पिकला. त्रिंबकराव काही करू शकत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हसू नका!” आबा एकदम कडाडले. “शेवटचं हाय आता. बराबरी झाली. एक पोरगी बाद झाली की जितलो. वेळ संपत आली.”

हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज तेवढा येत होता.

“उरलेली पोरगी लई चपळ हाय,” आबा हळू बोलत होते. “मघापासून कुणाच्या हाताला लागंना. आपल्या दोघींना दमवलं तिनं. आता खो दिला… रेणू उठली. रेणू मागं हाय, त्रिंबक. रेणू घाई करून न्हाई राह्यली. तिला खांबाकडं दाबत चालली. बराबर. दाब. दाब पोरी. आता ती पोरगी खांबाला वळणार अन् आपली…”

आबा थांबले.

“आपली काय? आबा! आपली काय?”

“गोल फिरून राह्यलं,” आबा म्हणाले.

“रेणू?”

“न्हाई, फोन,” रामप्रसाद रडकुंडीला येऊन म्हणाले. “नेट अडकलं! चित्र थांबलं! रेणू हवेतच हाय!”

सगळी गल्ली हवेत थांबलेल्या रेणूकडे बघत होती. आणि चित्र अडकलेलं असतानाच फोनमधून आवाज मात्र आला. आधी शिट्टी. मग खूप गलबला. आणि त्या गलबल्यावरून, त्याला चिरत, आसराबाईंची हाक, “माझी रेणूऽऽ!”

बायकोच्या हाकेचे सगळे प्रकार त्रिंबकरावांना ठाऊक होते. काळजीची हाक, रागाची हाक, दूध उतू गेल्याची हाक. ही त्यातली कुठलीच नव्हती. समोर बसलेल्या कोणालाही काही कळायच्या आत, माठामागं बसलेल्या त्या माणसाला सगळ्यात आधी कळलं.

“जितली,” ते हळूच म्हणाले. हात हलला नाही.

मग चित्र सुटलं आणि ओसरी फुटली. रामप्रसाद आणि उषाबाई सगळ्यांदेखत एकमेकांना टाळी देत होते. आबा उठून उभे राहिले होते, आणि का उठलो हे विसरून तसेच उभे होते. बाहेर कुणी थाळी वाजवायला लागलं.

“पप्पा!” फोनमधून धापा टाकत आवाज आला. “पप्पा, दिसले तुम्ही! बघितलं का? शेवटची मी काढली!”

तिला बाप दिसत होता. बापाला कॅमेऱ्याचा काळा डोळा दिसत होता. त्यांनी तोंड उघडून बरंच काही सांगितलं. काय सांगितलं ते नीट त्यांनाही आठवत नाही.

“आवाज येऊन न्हाई राह्यला, पप्पा. काय म्हणता?”

त्रिंबकरावांनी मान हलवली. मग परत हलवली. हात गुंतलेले होते, आवाज पोचत नव्हता, तेव्हा जे काही होतं ते त्या मानेनंच सांगायचं होतं, म्हणून ते मान हलवतच राहिले, आणि डोळ्यांतून पाणी येऊन मिशीत गेलं तेही पुसता आलं नाही.

“भाऊसाहेब, सोडा आता वायर,” रामप्रसाद खरंच कळवळून म्हणाले. “समोर या. लेकीला बघा. जाईल फोन तर जाऊ द्या.”

“सगळे बघून राह्यले ना तिला?”

“सगळेच.”

“मंग बघू द्या,” त्रिंबकराव म्हणाले आणि त्यांनी पिन अजून थोडी घट्ट धरली. रेणूनं गळ्यातलं पदक कॅमेऱ्यासमोर धरेपर्यंत, प्रत्येकाला हात हलवून दाखवेपर्यंत, आबांना वाकून नमस्कार करेपर्यंत फोन चालू होता. मग तापून तापून तो आपणहून बंद पडला आणि नंतर कोणत्याच कोनात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेणू आणि आसराबाई फाट्यावर एसटीतून उतरल्या तेव्हा हलगी होती, हार होते, मुख्याध्यापकही होते. मिरवणूक गल्लीत आली, ओवाळून झालं, चहा झाला. रेणू बापाजवळ येऊन बसली.

“पप्पा, खरं सांगा. शेवटची आउट बघितली का तुम्ही?”

“न्हाई,” त्रिंबकराव म्हणाले. “ऐकली. लई चांगली ऐकू आली.”

रेणूनं पदक आईच्या हातात दिलं आणि ओढणी कमरेला बांधली. “चला,” ती म्हणाली. “सगळ्यांनी बसा रांगेत. एक इकडं तोंड करून, एक तिकडं.”

आणि गल्लीच्या मधोमध, दिव्याच्या खांबापासून रामप्रसादांच्या दारापर्यंत, माणसं उकिडवी बसली. रामप्रसाद बसले, त्यांच्याकडं पाठ करून उषाबाई बसल्या, हार घातलेले मुख्याध्यापक बसले. पळायला कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे बोट दाखवलं.

त्रिंबकरावांनी लेंगा वर खोचला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण ते जीव तोडून पळाले. लेकीला सहज मिळायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. रांगेतून आत, बाहेर, परत आत. आबा बाजेवरून ओरडत होते, “दाब त्याला! खांबाकडं दाब!” उषाबाईंच्या पाठीत थाप पडली, “खो!” आणि त्या उठल्याच नाहीत, कारण गुडघा धरला होता, मग रेणूच पुढं आली. खांब आला. त्रिंबकराव वळले. मागून फक्त वाऱ्याचा आवाज आला, आणि पाठीवर अशी थाप बसली की ते खांबापलीकडं धुळीत पालथे पडले.

चष्मा कुठंतरी गेला होता, कोपर सोललं होतं, आणि गल्ली हसून हसून लोळत होती. भाऊसाहेब धुळीतून उठले नाहीत. तसेच पडल्या पडल्या, मान वळवून त्यांनी खांबाला लटकलेल्या लेकीकडं पोटभर बघितलं.

“आबा,” त्यांनी विचारलं, “अशीच का?”

“बिलकुल अशीच,” आबा म्हणाले.

“मंग परत एकदा दाखव, रेणू,” त्रिंबकराव म्हणाले आणि कोपर झटकत उभे राहिले.